कोंबडी जिवंत आणून देणारा कुत्रा

पत्राचा सारांश

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात सासू-सासरे, नवरा आणि सात वर्षांची मुलगी. धाकटे दीर पुण्याला नोकरीत. वर्षापूर्वी त्यांनी फ्लॅटवर पिवळ्या लॅब्राडोरचं पिल्लू आणलं, हौसेनं ‘टायगर’ नाव ठेवलं आणि ते सहा महिन्यांचं झाल्यावर गावी आणून सोडलं. आता टायगर चौदा महिन्यांचा आहे. चपला पळवतो, गोठ्यातली पेंड खातो, एकदा परातभर मळलेली कणीक फस्त केली. अनोळखी माणूस दिसला की शेपूट हलवत सामोरा जातो. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली त्या रात्री तो भुंकलासुद्धा नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंची कोंबडी तोंडात धरून घरी आणली आणि गल्लीत भांडण झालं. तेव्हापासून तो गोठ्यात साखळीला आहे. सासरे निवृत्त फौजी. ‘हे कुत्रं कुणाला तरी देऊन टाकू आणि मुधोळच्या शिकारी कुत्र्यांची जोडी आणू, ते खरं आपल्या मातीतलं’ असं त्यांचं मत. मुलगी रडते. ताई विचारतात: लॅब्राडोर तर गरीब जात म्हणतात, मग आमचाच असा बिघडलेला कसा निघाला? आणि मी कुणाचं ऐकू?

ताई,

कोंबडीची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी, जरा संकोचानं लिहिली आहे. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या कोंबडीपाशी आहेत. तुम्ही लिहिता, तुम्ही पडवीत तांदूळ निवडत बसला होता, टायगर कुंपणाच्या फटीतून आत आला आणि कोंबडी तुमच्या पायाशी ठेवून समोर बसला. कोंबडी लाळेनं ओलीचिंब झाली होती. थोडा वेळ तशीच पडून राहिली, मग अंग झाडून उठली आणि बाजल्याखाली पळाली. तिचं एक पीस मोडलं नव्हतं.

तीस किलोच्या आसपासचा कुत्रा, नारळाची करवंटी फोडील असा जबडा, आणि त्या जबड्यातून कोंबडी जिवंत, अख्खी घरी येते. खायची असती तर गवताच्या गंजीमागं नेऊन दोन मिनिटांत संपवली असती. त्यानं ती तुम्हाला आणून दिली. भांडणाच्या गडबडीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि येणार तरी कसं, काकूंचा जीव कोंबडीत अडकला होता. पण जवळजवळ दोनशे वर्षं माणसानं हाच गुण निवडून निवडून या जातीत उतरवला आहे. टायगर बिघडलेला नाही. तो जसा घडायचा तसाच घडला आहे.

लॅब्राडोरची कहाणी कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंड बेटावर सुरू होते. लॅब्राडोर हा त्या बेटाच्या शेजारचा मुलूख. कुत्रा बेटावरचा, नाव मात्र शेजारच्या मुलखाचं पडलं. तिथले कोळी कॉड मासे धरायचे. त्यांच्या होड्यांवर मध्यम बांध्याचं, आखूड केसांचं काळं कुत्रं असायचं. सेंट जॉन्स गावाच्या नावानं ते ओळखलं जाई. गळातून निसटलेला मासा बर्फासारख्या पाण्यात उडी टाकून धरायचा, जाळ्याच्या दोरीचं टोक तोंडात धरून आणायचं, हे त्याचं रोजचं काम. टायगरच्या पायाची बोटं फाकवून बघा, मधे पातळ कातडं दिसेल. त्याची शेपटी बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती आहे, पाणमांजराच्या शेपटीसारखी. पोहताना तिचा सुकाणूसारखा उपयोग होतो. अंगावर केसांचे दोन थर आहेत आणि वरचा थर तेलकट, म्हणून पाणी निथळून जातं. तुम्ही तक्रार केली आहे की तो गुरांच्या हौदात जाऊन बसतो. त्याच्या अंगाची घडणच पाण्यासाठी झाली आहे हो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कुत्री मासळीच्या जहाजांबरोबर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल बंदरात उतरू लागली. तिथं मॉल्म्सबरीच्या सरदार घराण्यानं ती पाळली, वाढवली. तिकडे स्कॉटलंडात बक्लूच्या ड्यूकांनीही पाळली. १८८०च्या दशकात मॉल्म्सबरींची काही कुत्री बक्लूंकडे गेली आणि आजच्या लॅब्राडोरचा बराचसा वंश त्या मिलाफातून आला असं मानतात. पहिल्यांदा सगळी पसंती काळ्यालाच होती. नोंद झालेला पहिला पिवळा लॅब्राडोर, बेन ऑफ हाइड, १८९९ साली जन्मला. तुमचा टायगर त्या रंगाचा. १९०३ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इंग्लंडच्या केनेल क्लबनं ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली. मूळ बेटावरचं सेंट जॉन्सचं कुत्रं मात्र विसाव्या शतकात पार संपलं.

त्या सरदारांना हे कुत्रं कशाला हवं होतं, ते नीट समजून घ्या. आपल्याकडे ‘शिकारी कुत्रं’ म्हटलं की डोळ्यांपुढे सशाची मान मोडणारं कुत्रं येतं. तिकडच्या शिकारीत मारायचं काम बंदुकीचं. कुत्र्यानं मालकाशेजारी गप्प बसायचं, बार झाल्यावर दचकायचं नाही, पाखरू कुठं पडलं ते ध्यानात ठेवायचं, सांगितल्यावर झुडपात नाहीतर तळ्यात जायचं आणि पाखरू दात न लावता आणून हातात द्यायचं. दात लागले की मांस खराब. म्हणून ज्याचं तोंड मऊ, त्याचीच पुढं पैदास केली. जो माणसाच्या मर्जीत राहतो, अनोळखी माणसांच्या गर्दीतही चिडत नाही, दिवसभर दमत नाही, त्याचीच पिल्लं ठेवली. या गुणांचा पुढं भलत्याच कामांना उपयोग झाला. आंधळ्यांना वाट दाखवणं, भूकंपात माणसं शोधणं, स्फोटकं हुंगणं. अमेरिकेत १९९१ पासून २०२१ पर्यंत सलग एकतीस वर्षं नोंदणीत हीच जात पहिली होती. तुमच्या मामंजींनी फौजेत सुरुंग हुंगणारी लॅब्राडोर नक्की पाहिली असतील. त्यांना विचारा.

आता ‘गरीब जात’ या शब्दाकडे येते. लॅब्राडोर गरीब असतो हे खरं, पण गरीब म्हणजे शांत नव्हे. तो माणसाला सहसा चावत नाही, लेकरांनी कान ओढले तरी बहुधा सोसतो, एवढाच त्या गरिबीचा अर्थ. (कान ओढू द्यावेत असं मी म्हणत नाही. सोसणाऱ्याचीही सीमा असते, आणि मुलीला आजपासूनच सांगा की तो जेवताना आणि झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही.) बाकी तो दिवसभर राबायला जन्मलेला गडी आहे. तुम्ही जाहिरातीत पाहिलेला, सोफ्यावर डोकं टेकून पडलेला लॅब्राडोर बहुतेक पाच-सहा वर्षांचा असतो आणि सकाळी तास-दीड तास धावून आलेला असतो. चौदा महिने म्हणजे कुत्र्याचं ऐन पोरवय. अंग पूर्ण वाढलेलं, अक्कल अजून यायची. लॅब्राडोरला ती यायला दोन, कधी तीन वर्षं लागतात. त्या वयाच्या गड्याला तुम्ही महिनाभर गोठ्यात साखळीला बांधलं आहे. संध्याकाळी सोडल्यावर तो वेड्यासारखा उधळतो असं तुम्ही लिहिता. उधळणारच. दिवसभराचं साठलेलं तेव्हा बाहेर पडतं.

खाण्याबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे. पेंड, कणीक, मुलीच्या हातातली भाकरी, यावरून तुम्ही त्याला ‘हावरट’ म्हणता आणि सासूबाई म्हणतात ‘पोट भरत नसंल बिचाऱ्याचं’ आणि आणखी वाढतात. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी लॅब्राडोरच्या एका जनुकातला दोष शोधला. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचवण्यात या जनुकाचं काम असतं. साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये त्याचा तुकडा गळालेला सापडला. आंधळ्यांच्या सोबतीला तयार केलेल्या कुत्र्यांत तर हे प्रमाण बरंच जास्त होतं, बहुधा खाऊच्या आशेनं शिकवणं सोपं जातं म्हणून अशीच कुत्री निवडली गेली असावीत. २०२४ मध्ये आणखी कळलं की ज्यांच्यात हा दोष आहे ती कुत्री जेवणांच्या मधल्या वेळात जास्त भुकेली राहतात आणि निवांत पडल्यावर त्यांचं अंग इतरांपेक्षा सुमारे पाव हिश्शानं कमी ऊर्जा जाळतं. म्हणजे भूक जास्त आणि जाळणं कमी. टायगर त्यातला आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, पण त्याच्या डोळ्यांवरून त्याचं पोट मोजायचं नाही, एवढं नक्की.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. बेळगावात शहापुरातल्या आमच्या जुन्या घरात सोनी होती, काळी लॅब्राडोर. एकत्र कुटुंब, दहा माणसं, आणि प्रत्येकाच्या ताटातला एक घास तिचा. माझ्या ताटातले दोन. डॉक्टरांनी तीन वेळा सांगितलं, वजन उतरवा. मी मान हलवायची आणि घरी येऊन तूप लावलेली भाकरी मोडून घालायची, कारण ती माझ्याकडे बघायची. सातव्या वर्षी ती जिना चढेना. आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या. ती खाली बसून पहिल्या पायरीवर पुढचे दोन पाय ठेवायची, मागचं अंग उचलायला बघायची आणि मग तसेच पाय ठेवून वर बघत राहायची. तिच्या मागच्या सांध्यांची वाटी मुळातच उथळ होती, हा या जातीतला नेहमीचा दोष, पण त्या वाटीवर अकरा किलो जादा भार मी चढवला होता. नऊ वर्षांची होऊन गेली. नीट सांभाळलेला लॅब्राडोर अकरा-बारा वर्षं जगतो. त्या दोन-तीन वर्षांचा हिशेब माझ्याकडे आहे, म्हणून तुम्हाला एवढ्या कळकळीनं सांगते.

त्याच्या दोन्ही बाजूंच्या फासळ्यांवर हलक्या हातानं बोटं फिरवा. दाबावं न लागता फासळ्या मोजता आल्या पाहिजेत आणि वरून पाहिल्यावर कमरेत आत गेलेला दिसला पाहिजे. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून टायगर आत्ताच त्या पुढं गेला आहे असं मला वाटतं. जेवण दोन वेळा, मोजून, एकाच माणसाच्या हातून. नुसत्या दूध-भाकरीवर हे कुत्रं पोसू नका. मोठ्या कुत्र्यांना पुष्कळदा दूध बाधतं आणि भाकरीनं अंग सुटतं, स्नायू होत नाहीत. उकडलेली अंडी, हाडं काढलेलं चिकन, थोडा भात, उकडलेलं गाजर-भोपळा असं द्या. शिजवलेली हाडं, कांदा-लसणाचं कालवण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट अजिबात नाही. आंब्याच्या दिवसांत कोय त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. लॅब्राडोर चावत बसत नाही, गिळतो, आणि आतड्यात अडकलेली कोय काढायला पोट फाडावं लागतं. पेंडीचं पोतं झाकणाच्या पिंपात ठेवा. त्याला शहाणपण शिकवण्यापेक्षा ते सोपं आहे.

आता मुधोळ. मामंजींच्या बोलण्यात अभिमान आहे आणि तो रास्त आहे. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं. मालोजीराव घोरपड्यांनी ही कुत्री जतन केली, वाढवली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला जोडी भेट दिली. २००५ साली पोस्ट खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तिथं या जातीचं संवर्धन चालतं. फौजेनंही ही कुत्री शिकवून पाहिली आहेत. उंच, सडपातळ, खोल छातीचं, अंगावर चरबीचा थेंब नसलेलं हे जनावर उघड्या माळावर धावताना बघणं म्हणजे डोळ्यांचं पारणं फिटणं. कुणी पाळत असेल तर मला त्याचा आनंदच आहे.

पण ताई, तुमच्या घरचा प्रश्न काय आहे? कोंबडी. मुधोळ नाकावर नाही, नजरेवर शिकार करतो. दूरवर काही हललं की तो सुटतो आणि सुटला की हाक ऐकत नाही, कारण माळावर सशामागं धावताना मालकाच्या हाकेची वाट बघून चालत नसे. धरायचं आणि मारायचं, दोन्ही कामं त्याचीच. काकूंची कोंबडी मुधोळच्या तोंडून जिवंत परत आली नसती. एक नाही, जोडी आणायची म्हणता, आणि भोवती शेजाऱ्यांच्या कोंबड्या, शेळ्यांची करडं, मांजरं. टायगरनं एक भांडण लावलं, जोडी आली तर रोज एक. मुधोळच्या जोरावर ससे धरू असं कुणाच्या मनात असेल तर तेही सांगून टाका, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि तुमच्या भागात जंगलखात्याचं लक्ष असतं.

राखणीचं म्हणाल, तर मुधोळ अनोळखी माणसापासून अंतर ठेवून राहतो, घरच्यांशी इमानी असतो, चाहूल लागली की सावध होतो. टायगरपेक्षा राखण बरी करील. तरीही शेतातल्या विहिरीवरची केबल घरच्या पडवीत झोपलेलं कुठलंच कुत्रं वाचवू शकत नव्हतं. तिथं दिवा लावा, पेटीला चांगलं कुलूप घाला. त्या चोरीची शिक्षा टायगरला देऊ नका. आणि खानापूर पट्ट्यात बिबट्या आहे हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. रात्री गोठ्यात साखळीला बांधलेलं कुत्रं घराची राखण करत नाही, ते बिबट्याला सोपं सावज होतं. मी इथली पत्रं वाचते, अशी दोन-तीन पत्रं दरवर्षी येतात. टायगर असो की मुधोळ, रात्री पडवीच्या आत, दार लावून.

तर कुणाचं ऐकायचं? त्याआधी मीच एक विचारते. हे कुत्रं आणताना तुम्हाला कुणी विचारलं होतं का? दिरांनी आणलं, मामंजी देऊन टाकू म्हणतात, मुलगी ठेवा म्हणते, सासूबाई वाढतात. आणि हौदातून बाहेर काढायला, सांडलेलं पुसायला, काकूंची बोलणी खायला तुम्ही. पत्रात ही तक्रार कुठंच नाही, पण प्रत्येक ओळीत कर्ता तुम्हीच आहात. कुत्रं ठेवायचं की नाही हे ठरण्याआधी त्याची कामं कोण करणार हे ठरू दे. सगळी तुमच्याकडेच राहणार असतील आणि तुम्हाला ती झेपणार नसतील, तर ‘नाही’ म्हणण्यात काही गैर नाही. तसं स्पष्ट म्हणा.

द्यायचं ठरलं तर मात्र रीतीनं द्या. कुणाच्या तरी मळ्यावर सोडून येणं हा उपाय नव्हे; १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पाळीव जनावर असं वाऱ्यावर सोडणं हाही गुन्हा आहे. लॅब्राडोरला माणसांशिवाय करमत नाही, रिकाम्या फार्महाऊसवर साखळीला बांधण्यासाठी मागणाऱ्याला तो देऊ नका. घर शोधताना विचारा की दिवसा घरात कोण असतं, आणि देण्याआधी एकदा जाऊन बघून या. शोधायचं काम दिरांचं. ज्यांनी आणलं त्यांनी किमान एवढा वेळ काढावा. ठेवायचं ठरलं तर खाणं, लशी आणि डॉक्टरांचा महिन्याचा खर्चही त्यांनी पाठवावा. भाऊबंदकीत पैशाचं बोलणं अवघड जातं हे मला माहीत आहे, म्हणून नवऱ्यानं बोलावं, तुम्ही नाही.

माझं मत विचाराल तर ठेवा. त्याला आजवर कुणी काहीच शिकवलेलं नाही, तरी तो कोंबडी अलगद आणतो आणि तुमच्या पायाशी ठेवतो. अशा कुत्र्याला शिकवणं अवघड नसतं.

पहिलं काम, तोंडातली वस्तू हिसकावणं बंद करा. चप्पल नेली की तुम्ही ओरडत मागं धावता, असं लिहिलं आहे. त्याच्या लेखी तो खेळ झाला. आणि कोंबडी आणल्यावर त्याला काठीचा मार बसला, त्यातून तो एवढंच शिकला असेल की माणसांकडे आणायचं नसतं. पुढच्या वेळी तो लांब नेईल किंवा गिळील. त्याऐवजी बदली द्या. हातात उकडलेल्या रताळ्याचा किंवा अंड्याचा बारीक तुकडा धरा, तो नाकापुढे न्या, तोंड उघडलं की ‘सोड’ म्हणा आणि तुकडा द्या. दिवसातून दहा वेळा, आठवडाभर. तुमच्याकडे रताळ्यांना तोटा नाही, फक्त तो तुकडा त्याच्या जेवणातून वजा करा. ‘सोड’ पक्कं झालं की लांब दोरीवर कोंबड्यांच्या आसपास फिरवायला सुरुवात करा. तो कोंबडीकडून नजर काढून तुमच्याकडे बघेल त्या क्षणी शाबासकी. दोरी न काढता किमान दोन महिने. दरम्यान कुंपणाची ती फट बुजवा, आणि काकूंना जाऊन सांगा की बुजवली. भांडण मिटवायला ते पुरेल.

दुसरं, त्याला आणायचंच आहे ना, मग आणू दे. जुन्या मोज्यात काथ्या भरून शिवा. सकाळी खळ्यावर तो फेकायचा, त्यानं आणायचा. पंधरा-वीस फेका झाल्या की तो लपवायचा, गंजीत, बांधाआड, आणि नाकानं हुडकू द्यायचा. वीस मिनिटं नाकाचं काम केलं की कुत्रं चांगलंच दमतं. हे काम मी मामंजींना द्यावं म्हणते. ते सकाळी सहाला शेताकडे जातातच, शिस्त त्यांच्या अंगात आहे, आणि फौजेतली कुत्री त्यांनी पाहिली असतीलच. ‘मामंजी, हे ठेवू या’ असा हट्ट धरू नका. ‘सुरुंग हुंगणाऱ्या कुत्र्यांना कसं शिकवत होते, याला जमेल का बघता?’ असं विचारा, आणि पंधरा दिवसांची मुदत मागा.

उन्हाळ्यात फिरणं सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावरच. या अंगावर उकाडा साठतो. केस भादरू नका, तो थर उन्हापासूनही राखतो. मलप्रभेच्या उन्हाळी डोहात लांब दोरीवर पोहायला न्या, सांध्यांना त्याच्याइतका चांगला व्यायाम नाही. पावसाळ्यात नदी नको. तुमच्याकडचा पाऊस चार महिने सुटत नाही, त्या दिवसांत रोज गोणपाटानं खसखसून पुसा, कानांच्या आतून कोरडं करा, नाहीतर कातडीला चिघळ आणि कानाला वास सुटलाच म्हणून समजा. गोचिडी रोज बघा, कानात, बोटांच्या बेचक्यांत. अंग तापलं, जेवण टाकलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात. गोचीड-तापात उशीर चालत नाही. रेबीजची लस दरवर्षी, आणि भातशेतीचा भाग म्हणून लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, लसही विचारून घ्या, तो आजार माणसालाही होतो.

गावातलं कुणीतरी ‘एक पिल्लू देतो’ या बोलीवर आपली कुत्री टायगरकडे घेऊन येईल, किंवा आलंही असेल. नकार द्या. दोघांच्या सांध्यांचा एक्स-रे काढल्याशिवाय पिल्लं काढली की सोनीसारख्या सांध्यांची पिल्लं जन्मू शकतात. नसबंदी कधी करावी ते डॉक्टरांना विचारा, आणि ती झाल्यावर जेवण थोडं कमी करा, कारण वजन तेव्हा पटकन चढतं.

राहता राहिली तुमची मुलगी. तिला या घरात नुसतं रडायचंच काम मिळालं आहे, तिला खरं काम द्या. दर रविवारी टायगरला उभं करून तुम्ही शेजारी बसा, तिनं दोन्ही हातांनी त्याच्या फासळ्या चाचपायच्या आणि शाळेच्या जुन्या वहीत तारीख घालून लिहायचं: ‘लागल्या’ किंवा ‘नाही लागल्या’. त्या आठवड्यात त्यानं काय काय आणून दिलं तेही खाली लिहायचं. दिवाळीला त्या पानांचा फोटो काढून मला पाठवा.